पाठमोरा अँटेना

अँटेनाभाऊ कोणाच्याही घरी गेले की आधी छपराकडे बघायचे, मग माणसाकडे. लग्नघर असो की मयतीचं घर, अंगणात पाऊल पडलं की मान वर. एकदा गावातल्या एका मुलासाठी मुलगी बघायला चारचौघांबरोबर तेही गेले होते. मुलीकडचे "बसा, बसा" म्हणत होते आणि हे सतरंजीवर बसायचं सोडून टिनावरचा गंजका पाइप न्याहाळत उभे. परतताना कोणी तरी विचारलं, मुलगी कशी वाटली? भाऊ म्हणाले, "पोरगी चांगलीच असन. पण घर उतारात हाय, रेंज येत नाही तिथं. माहेरी फोन कमी होतीन, संसार टिकन." लग्न झालं, आणि संसार टिकलाही.

मी नांदुऱ्याची. रेल्वेलाइनच्या गावात वाढलेली, त्यामुळे गाडीचा आवाज आणि फोनची रेंज या दोन गोष्टी जगात सगळीकडे असतात असा माझा समज होता. नोकरी लागली ती जानेफळच्याही पलीकडच्या एका गावी, आरोग्य उपकेंद्रात सिस्टर म्हणून. गाव खोलगट जागेत. मागे मुरमाड टेकडी, तिला बरडी म्हणतात. बाकी तिन्ही बाजूंनी चढ. गावात फोन लागत नसे. मारुतीच्या देवळामागे एक दगड होता, रेंजचा दगड, त्यावर उभं राहून बोलायचं. कोणाच्या घरी काय शिजतंय, कोणाच्या जावयाचं काय बिनसलंय, हे त्या दगडामुळे सगळ्या गावाला ठाऊक असे.

पहिल्याच दिवशी आईला पोचल्याचं कळवायला मी त्या दगडावर चढले. हात वर, हात खाली, गोल फिरले, फोन काही लागेना. ओट्यावर पांढरी टोपी घातलेले, सडसडीत अंगाचे एक गृहस्थ बसले होते, तेच अँटेनाभाऊ. ते म्हणाले, "सिस्टर, चार बोटं डावीकडे सरका. अन् फोन कानालेच राहू द्या, देवाले काय दाखोता." मी चिडूनच चार बोटं सरकले आणि आईचा आवाज आला. बोलणं झाल्यावर मी विचारलं, हे काय गौडबंगाल? भाऊ म्हणाले, "लहर सरळ बी येते अन् भितीवर आपटून बी येते. दोघी भेटल्या की एका जागी जोर होते, अन् चार बोटं सरकलं की दोघी एकमेकीले खाऊन टाकतात. मंग तुम्ही कितीही नाचा." मी बारावीला फिजिक्स पाठ करून पास झाले होते. ते मला समजलं त्या दगडावर.

टीव्हीच्या काळात पंचक्रोशीतले सगळे अँटेने भाऊंनीच चढवले होते. म्हणून हे नाव. खरं नाव रेशनकार्डावर होतं, तेवढंच. ते छपरावर, घरातलं एक जण टीव्हीसमोर आणि मधल्या दारात निरोप्या, अशी तिघांची साखळी असायची. वरून भाऊ विचारायचे, "आलं काय?" आतून उत्तर यायचं, "मुंग्या आल्या!" पुन्हा पाइप फिरायचा, पुन्हा "आलं काय?" डिश आली, अँटेने गेले, पण हा प्रश्न भाऊंच्या तोंडात राहून गेला. कोणाला काही समजावून सांगितलं की शेवटी "आलं काय?" मी त्यांना बीपीची गोळी कधी घ्यायची ते सांगितलं, तर ऐकून घेऊन स्वतःच म्हणाले, "आलं."

माझी अडचण त्यांनी न सांगता ओळखली. बाळंतपणाची केस अडली तर अॅम्ब्युलन्स बोलवायला मला उपकेंद्र सोडून मारुतीपर्यंत पळावं लागे. बाई टेबलावर आणि सिस्टर दगडावर. मी दोन अर्ज केले होते, त्यांचं उत्तर आलं नव्हतं. एक दिवस भाऊ आले, रिवाजाप्रमाणे आधी स्लॅबकडे पाहिलं आणि म्हणाले, "सिमकार्डाचा टेबलफोन मिळते बजारात. तेवढा आणा. बाकी मी पाहतो."

पुढचे आठ दिवस ते घरोघरच्या छपरांवरून जुने टीव्ही अँटेने उतरवत होते. ज्यांच्यावर वीस वर्षांपूर्वी स्वतःच चढवले होते, ते आता कावळ्यांना बसायला उरले होते. त्यांच्या अॅल्युमिनियमच्या काड्या कापून त्यांनी टीचभर लांबीचे तुकडे केले. मी म्हटलं, एवढ्याशा काड्यांनी काय होणार? "जशी लहर तशी काडी," ते म्हणाले. "टीव्हीची लहर लांब, तिले हातभर काडी लागे. मोबाइलची लहर लहान, तिले टीचभर पुरते. बैलाचं जू वासराच्या मानेवर ठेवून कसं जमन?" एका आडव्या नळीवर त्या काड्या ओळीनं बसवून, काळी वायर खाली आणून त्यांनी माझ्या टेबलफोनला जोडली. नळीचं तोंड बरडीच्या कडेवरून पलीकडच्या टॉवरकडे केलं. माघ महिना होता. पहिल्या झटक्यात फोन लागला. टेबलावर बसून, पंख्याखाली, मी आईशी बोलले. गावानं नारळ फोडला. मेहकरहून साहेब येऊन बघून गेले आणि मलाच शाबासकी देऊन गेले. ती मी निमूट घेतली, हे कबूल करते.

मग आषाढ आला. भर दुपारी गावातली सुनंदा उपकेंद्रात बाळंत झाली. मुलगी झाली, रडली, सगळं व्यवस्थित. आणि मग रक्त थांबेना. मी इंजेक्शन दिलं, सलाईन लावलं, पोटावर हात दाबून धरला आणि दुसऱ्या हातानं फोन उचलला. रेंज नाही. सहा वेळा लावला. बाहेर झड लागलेली. शेवटी सुनंदाचा दीर चिखलातून घसरत-पडत दगडापर्यंत गेला, तिथंही लागेना म्हणून बरडी चढला, तेव्हा कुठे अॅम्ब्युलन्स निघाली. सुनंदा वाचली, पण थोडक्यात. तिच्या ओठांचा तो पांढरा रंग मला अजून दिसतो. त्या दिवशी मी भाऊंना मनातल्या मनात फार वाईट शिव्या दिल्या.

संध्याकाळी ते आले. भिजत उपकेंद्राच्या स्लॅबवर चढले आणि बराच वेळ बरडीकडे बघत उभे राहिले. बरडीच्या अलीकडे पाटलांच्या शेताच्या धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, सागाची ओळ आहे. माघात तो साग म्हणजे नुसते खांब. आता सुपाएवढाली पानं, आणि प्रत्येक पान पाण्यानं थबथबलेलं. लहर तिथंच अडत होती. दुसऱ्या दिवशी देवळासमोर माणसं जमली. कोणी फोनला दोष देत होतं, कोणी कंपनीला, एक जण तर माझ्या हातगुणावर घसरला. भाऊ उभे राहिले आणि म्हणाले, "चूक माही हाय. म्या माघात पाह्यलं, आखाडात नाही पाह्यलं. सुनंदा गेली असती त माह्या हातानं गेली असती."

सत्तरीच्या माणसानं अख्ख्या गावासमोर असं म्हणणं मी तोवर पाहिलं नव्हतं. आमच्या खात्यात तर चूक ही नेहमी बदली होऊन गेलेल्या माणसाची असते. माझ्या शिव्या मी तिथंच मागे घेतल्या.

पाटील माणूस दिलदार. कुऱ्हाड घेऊन स्वतःच निघाले. भाऊंनीच अडवलं. "आज हे तोडसान, उद्या मांगचे वाढतीन. दर साली काय झाडं तोडत बसता? वाटच बदलली पाह्यजे." कोणी तरी म्हणालं, फांद्यांच्या फटीतून टॉवर दिसतो की. भाऊ म्हणाले, "दिसून भागत नाही. कुंपणाच्या भोकातून पलीकडचं दिसते, पण बैलगाडी जाते काय? लहरीले बी रुंद वाट लागते."

त्यानंतर ते फक्त पावसातच यायचे. उघडीप असली की घरी, झड लागली की हजर. एका बांबूला फोन बांधलेला, त्यावर प्लास्टिकची पिशवी. मी म्हणायची, "भाऊ, आजारी पडाल, उन्हं पडल्यावर करा ना." ते म्हणत, "चांगल्या दिवशी सारंच चालते, सिस्टर. वाईट दिवशी पाहून ठेवलं पाह्यजे." महिनाभर ते गावाच्या चारी बाजूंना असे फिरले. लोक हसायचे. एकदा खोकला झाला, तर माझ्याकडून औषध नेलं आणि ते खिशात ठेवून पुन्हा पावसात गेले.

शेवटी उपाय सापडला तो त्यांच्या जुन्या वैऱ्याकडे. टीव्हीच्या दिवसांत मारुतीच्या गल्लीत चित्र कधी धड येत नसे. प्रत्येक माणसाला शेजारी एक पुसट जोडीदार. त्याला लोक भूत म्हणत. गावाच्या उत्तरेला दगडाची जुनी, बंद पडलेली खदान आहे, तिची काळी उभी भिंत लहर परत फेकायची आणि चित्र दोनदा उमटायचं. भाऊंनी ते भूत काढायला वर्षानुवर्षं डोकेफोड केली होती. त्या श्रावणात एका दुपारी ते निथळत उपकेंद्रात आले, बाकावर बसले आणि एकटेच हसायला लागले. "जे भूत जन्मभर हाकललं, सिस्टर, त्यालेच आता बलावतो. खदानीच्या माथ्यावरून टॉवर सरळ दिसते, मधात एक झाड नाही. अन् खडक वल्ला झाला की लहर अजून जोरात परतते."

त्यांनी अँटेना फिरवला. टॉवरकडे पाठ, खदानीकडे तोंड. धो-धो पाऊस चालू असताना वरून विचारलं, "आलं काय?" मी आतून नांदुऱ्याला फोन लावला. आई म्हणाली, "काय गं, आवाज किती स्पष्ट येतोय." मी दारात येऊन ओरडले, "आलं, भाऊ." ते लगेच खाली उतरले नाहीत. पाइपाला धरून तसेच पावसात उभे राहिले. उतरल्यावर म्हणाले, डोळ्यात पाणी गेलं. मी वाद घातला नाही.

येणारा-जाणारा प्रत्येक जण सांगायचा, "सिस्टर, तुमचा अँटेना उलटा हाय." भाऊ तिथं असले तर म्हणत, "हाव, म्या बी उलटाच हाव. राहू द्या." दिशेची खूण म्हणून पाइपावर तेलरंगानं त्यांनी एक लाल रेघ ओढली आणि मला बजावलं, दर वल्ल्या दिवशी एक फोन लावून बघायचा. तेव्हापासून झड लागली की मी आईला फोन करते. आई 'हॅलो' म्हणत नाही, "पाऊस आहे वाटतं तिकडे," म्हणते. त्या फोनवरून किती अॅम्ब्युलन्स आल्या ते मी मोजलं नाही. पण 'वाईट दिवशी पाहून ठेवलं पाह्यजे' हे भाऊंचं वाक्य माझ्या कामाचा नियम झालं. टॉर्च मी लाइट गेल्यावर लावून बघते, ऑक्सिजनची किल्ली ओल्या हातानं फिरवून बघते. नव्या सिस्टरांना शिकवतानाही पहिलं तेच सांगते, आणि शेवटी नकळत विचारते, "आलं काय?" त्या पोरींना वाटतं, बाई जरा तिरपागड्या आहेत.

गेल्या पौषात भाऊ गेले. छातीचा त्रास होता. मेहकरला दवाखान्यात आठवडाभर होते, मी दोनदा जाऊन आले. दुसऱ्या वेळी बोलायला धाप लागत होती, तरी म्हणाले, "आखाडात पाहून घेजा." घेजा म्हणजे घ्या, विसरू नका. मी "हो" म्हटलं. पाया पडले नाही, ते आवडत नसे त्यांना. आता वाटतं, पडायला हवं होतं.

यंदा जूनमध्ये तपासणी लागली म्हणून ग्रामपंचायतीनं उपकेंद्र रंगवून घेतलं. पेंटर मोठा नीटनेटका माणूस. भिंती रंगवल्या, दारं रंगवली, पाइपालाही चंदेरी रंग दिला. साहेब आले, चहा घेतला, गेले. आषाढात पहिली झड लागली त्या दिवशी मी आईला फोन लावला. लागला नाही. पुन्हा लावला, नाही. बाहेर येऊन वर बघितलं, तर अँटेना सरळ टॉवरकडे तोंड करून उभा. पेंटरनं तो सुधारून दिला होता. लाल रेघ चंदेरी रंगाखाली गेली होती. त्या आठवड्यात दोन बायकांची तारीख होती.

सुनंदा मुलीला ताप म्हणून घेऊन आली होती. तिला म्हटलं, तू फोनजवळ बस, हे रिडायलचं बटण दाबत राहा. आणि मी, जन्मात कधी स्लॅबवर न चढलेली बाई, पदर खोचून शिडीवर चढले. पावसानं डोळे उघडता येत नव्हते. पाइप दोन्ही हातांनी धरून फिरवला. खदान धुरकट दिसत होती. तिच्याकडे तोंड केलं, मग चार बोटं डावीकडे. आणि माझ्या तोंडून भाऊंच्याच हेलात निघालं, "आलं काय?"

आतून काही नाही. अजून चार बोटं. "आलं काय?"

"आलं, सिस्टर," सुनंदा दारात येऊन म्हणाली. "तुमची आई इचारून राह्यली, तिकडं पाऊस हाय काय म्हणून."