वय नावाचा पार्ट

स्पीडब्रेकर आला की माझ्या जुन्या गाडीच्या पुढच्या डाव्या चाकापाशी खट्ट असा आवाज होतो. आज आईला शेजारी बसवून गाडी गॅरेजमध्ये नेली. मेकॅनिकने बॉनेटवर हात दाबून गाडी जरा हलवली आणि म्हणाला, "मॅडम, वय झालंय गाडीचं. आवाज येणारच. गाणी मोठ्याने लावा." ना जॅक लावला, ना चाक हलवून पाहिलं!

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. परवाच डॉक्टरांनी आईच्या गुडघ्याला हातही न लावता हेच ऐकवलं होतं. वय झालंय म्हणे! सस्पेन्शनमध्ये बुश असतात, बॉल जॉइंट असतो. वय नावाचा पार्ट कुठे असतो? जुन्याचं ऐकून घ्यायचा कंटाळा आला की लोक वयाकडे बोट दाखवून मोकळे होतात.

परतताना पुन्हा स्पीडब्रेकर, पुन्हा खट्ट. आईचा हात आपसूक स्वतःच्या गुडघ्यावर गेला.

"हळू घे गं," ती म्हणाली, "दुखतंय तिला."

मी गाडी तिथूनच वळवली. आता जॅक लागल्याशिवाय मी गॅरेजमधून हलणार नव्हते. आणि दवाखाना तिथून पुढच्याच चौकात होता.