निळ्या फुलांची फरशी

साखराबाई माणसाला तोंडावरून ओळखायच्या आधी चालीवरून ओळखायची. नांदूरघाटच्या पलीकडं, माळाला टेकलेल्या वस्तीवर तिचं घर. वय पन्नाशीच्या पुढं. नक्की किती ते विचारण्यात अर्थ नाही, कारण ती दर वेळी वेगळं सांगते आणि दर वेळी ठाम सांगते. पस्तीस वर्षं मेंढरांमागं गेली. मेंढरांमागं चालणाऱ्याला दिसतात ते पाय. मेंढरांची खांड माळावरून उतरू लागली की ही मागून नुसती नजर टाकायची आणि दिराला, नाथाला, सांगायची की त्या काळतोंडीच्या मागच्या खुरात काटा भरलाय. नाथाला काही दिसायचं नाही. पण मेंढी धरून खूर उलटा केला की काटा निघायचाच. नाथानं वाद घालणं कधीच सोडून दिलं होतं.

नवरा बजरंग नऊ वर्षांपूर्वी गेला. मागं राहिली साठ मेंढरं, दोन खोल्या, एक न्हाणी आणि उज्ज्वला नावाची एकुलती एक पोर. मेंढरांची काळजी साखराबाईला कधी वाटली नाही, पोरीची वाटायची. उज्ज्वला बारावी झाली आणि बीडच्या कॉलेजात कपडे शिवायला नव्हे, कपडे डिझाइन करायला शिकायला गेली. दोन्हींत फरक काय, हे तिनं आईला तीनदा समजावलं आणि आईनं तिन्ही वेळा मान हलवली. पहिल्या वर्षी पोरगी दर पंधरा दिवसांनी घरी यायची. दुसऱ्या वर्षी महिन्यानं. तिसऱ्या वर्षी फक्त सणाला. ही आता आपल्या हातची चालली, असं साखराबाईच्या मनानं घेतलं, आणि तिच्या मनानं एकदा घेतलं की ते काढून टाकणं कुणाच्या बापाला जमत नसे.

संक्रांतीला उज्ज्वला आली ती हॉस्टेलवरच्या मैत्रिणीला, वर्षाराणीला, घेऊन. दोन दिवस राहिल्या. वर्षाराणी गोड पोर. भाकरी मागून मागून खाल्ली, कोकरू मांडीवर घेऊन फोटो काढले. पण दोन्ही दिवस तिनं अंघोळ केली नाही. थंडी हाय म्हणाली. न्हाणीपर्यंत जायची, आत डोकवायची आणि परत फिरायची. तिचाही काही दोष नव्हता. न्हाणी म्हणजे चार हात लांब आणि तीन हात रुंद अंधार. दाराला पोत्याचा पडदा, वर गंजका पत्रा, भिंतीवर पाली, आणि खाली बजरंगनं नदीतून बैलगाडीत घालून आणलेला काळा खरबरीत दगड.  मैत्रीण परत फिरली की उज्ज्वला खाली बघायची, आणि हे आईच्या नजरेतून सुटलं नाही.

दोघी गेल्या त्या दिवशीच साखराबाईनं जाहीर केलं, की न्हाणी नवी करायची.

नाथाला हे पटेना. मेंढरांच्या वाड्याला धड कुंपण नाही आणि वहिनीला न्हाणी कावून सुचली, असं त्यानं विचारून पाहिलं.

"मेंढरं सांजच्याला घरी येत्यात," साखराबाई म्हणाली. "पोरगी येत न्हाई."

नाथा मेंढे निवडायला उठला. दोन मेंढे बाजारात गेले आणि बंकट मिस्त्री वस्तीवर आला.

बंकटचा हात चांगला आणि तोंड फाटकं. न्हाणी बघून तो म्हणाला, की एवढ्या जागेत मी उभा राहिलो तर थापी कुठं ठेवू. पण मापं नीट घेतली आणि साखराबाईला फरशीच्या दुकानात घेऊन गेला. तिथं त्यानं खरबरीत, मातकट रंगाची फरशी पुढं ठेवली. न्हाणीला हीच पाहिजे म्हणाला. साखराबाईनं तिच्याकडं धड बघितलंसुद्धा नाही. तिचा जीव अडकला होता पलीकडच्या फरशीत. पांढरीशुभ्र, वर निळी फुलं, आणि अशी गुळगुळीत की वाकून बघितलं तर त्यात आपलंच तोंड दिसावं.

"ती भिंतीला लावा, मावशी. खाली न्हाई. पाय घसरंल."

पाय घसरण्याविषयी साखराबाईला कुणी शिकवावं हे तिला सहन होण्यासारखं नव्हतं. तिनं दुकानदाराकडून तांब्याभर पाणी मागून घेतलं, ती फरशी खाली टाकायला लावली, वर पाणी ओतलं, आणि चप्पल काढून उभी राहिली. टाच फिरवली, एका पायावर झाली, शेवटी जागच्या जागी एक उडीसुद्धा मारली. दुकानातली गिऱ्हाइकं बघत राहिली. भेगाळलेल्या, घोंगडीसारख्या जाड तळव्यांनी ती फरशी अशी धरून ठेवली होती की तसूभर सरकली नाही.

"कुटं घसरला?" तिनं विचारलं. बंकटनं हात जोडले, आणि निळी फुलं टेम्पोत चढली.

आठ दिवस काम चाललं. बजरंगचा काळा दगड बंकट आणि नाथानं पहार लावून उपटला आणि लिंबाखाली नेऊन टाकला. मेंढरांना मीठ ठेवायला बरा होता. पत्रा बदलला, वर पाण्याची छोटी टाकी बसली, नळ आला, दिवा आला, आरसा आला, कपडे अडकवायला खुंट्या आल्या आणि कडी लागणारं गुलाबी प्लास्टिकचं दार आलं. वस्तीवरच्या बाया बघायला आल्या त्या चपला बाहेर काढून, देवळात आल्यासारख्या. साखराबाईनं स्वतः मात्र तिथं अंघोळ केली नाही. पहिली अंघोळ उज्ज्वलाची, असं तिनं ठरवून टाकलं होतं. तोवर ती आडोशाला बादली घेऊन बसत होती, आणि त्यातही तिला आनंदच होता.

रविवारी उज्ज्वला आली. नारळ फुटला, पोरगी नवा टॉवेल घेऊन आत गेली, कडी लागली. साखराबाई चुलीपुढं बसून कान देऊन ऐकत होती. नळाचा आवाज आला. मग धाडदिशी काहीतरी पडलं.

"काय झालं गं?"

"काय न्हाई. बादली पडली."

पुढं बराच वेळ काही ऐकू आलं नाही. मग दार उघडलं. चौकटीला एक हात धरून उज्ज्वला उभी होती, ओल्या केसांची, हसरी. "लई भारी झालंय, माय," ती म्हणाली. "आमच्या हॉस्टेललासुदिक असं न्हाई." साखराबाईचा जीव भांड्यात पडला. ती चहा उकळायला वळली आणि पोरगी दाराजवळच्या बाजेवर बसली.

पण त्यानंतरचं सगळं बिनसलं. तीन मेंढ्या नुकत्याच व्याल्या होत्या, कोकरं अजून धडपडत चालत होती. लहानपणापासून ही पोर घरी आली की आधी माळावर जायची, मग भाकरी मागायची. चल, कोकरं बघून येऊ, असं आईनं म्हटलं, तर ती बाजेवरून उठेना. शिवणकाम आणलंय म्हणाली. आज नको म्हणाली. पुढच्या रविवारी कॉलेजात फॅशन शो आहे, मी शिवलेला ड्रेस मीच घालून चालणार आहे, तू यायचंच, एवढं मात्र दोनदा सांगितलं. साखराबाईनं काठी उचलली. ती एकटीच खांड घेऊन माळावर निघून गेली, रागानं, आणि दिवस कलल्यावर परत आली तेव्हा नाथानं उज्ज्वलाला मोटरसायकलवरून एसटीला पोचवलेलं होतं.

आठ दिवस साखराबाई आतल्या आत कुढत होती. न्हाणी आवडली, पण घर काही आवडत नाही, असा तिनं हिशेब लावला. कोकरं बघायलासुद्धा आली नाही, हे तिनं नाथाला इतक्या वेळा ऐकवलं की शेवटी तो म्हणाला, जाऊच नका मग बीडला. तशी ती गेली. कुणी जाऊ नको म्हटलं की जायचं, हा तिचा जुना स्वभाव आहे. नाथाच्या हाती खांड देऊन ती पहाटेच निघाली, मांजरसुंब्याला गाडी बदलली आणि नऊवारीची घडी मोडू न देता कॉलेजात पोचली.

वर्षाराणीनं तिला दुसऱ्या रांगेत बसवलं. हॉलच्या मधोमध लांबच लांब उंच वाट बांधली होती, तिच्यावर लाल जाजम. दिवे असे की डोळे दिपावेत, आणि गाणं एवढ्या मोठ्यानं की छातीत धडधड व्हावी. मग एकेक पोर येऊ लागली. टोकापर्यंत यायची, कमरेवर हात ठेवून थांबायची, वळून जायची. साखराबाईला नवल वाटलं ते एकाच गोष्टीचं. एकही पोर हसत नव्हती. घरात भांडण करून माहेरी निघालेल्या सुनांसारखे सगळ्यांचे चेहरे. ह्यांना कुणी रागावलंय का, असं तिनं शेजारच्या बाईला विचारलं. त्या बाई म्हणाल्या, अशीच पद्धत असते. साखराबाई म्हणाली, मग बरं.

बाकीचे कपडे बघत होते. ती सवयीनं पाय बघत होती. पहिल्या पोरीला बूट मोठा होतो, हे तिनं लगेच ओळखलं. दुसरी भित्री, पाऊल चोरून टाकते. तिसरी चालीची चांगली. असं करत करत उज्ज्वला आली.

हिरवा झगा, आणि बाह्या अशा फुगलेल्या की एकेकीत एकेक कोकरू बसावं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. उंच टाचांच्या बुटांवर पोरगी ताठ चालत आली, मान वर, चेहरा त्या सगळ्यांसारखाच कडक. सगळा हॉल त्या बाह्यांकडं बघत होता. साखराबाई मात्र खुर्चीत पुढं सरकली. डावा पाय. डावा पाय टेकताना जरा उशीर होत होता, आणि टेकला की लगेच उचलला जात होता. ही बुटाची चाल नव्हती. आतून दुखावलेल्या पायाची चाल होती. ती वळून आत जाईपर्यंत साखराबाईनं त्या पायावरची नजर हलवली नाही.

शिलाईचं दुसरं बक्षीस उज्ज्वलाला मिळालं. कार्यक्रम संपल्यावर आई हॉस्टेलच्या खोलीत गेली. पाय दुखतो का, असं तिनं विचारलं, तर पोरगी म्हणाली, ह्या बुटांनी जीव घेतला. आई खाली बसली आणि तिनं स्वतःच पोरीचा बूट काढला.

घोटा सुजलेला होता. भोवतीची कातडी काळीनिळी नव्हती. ती वेळ होऊन गेली होती. कडेनं हिरवट-पिवळी पडली होती. मार किती दिवसांचा आहे हे साखराबाईला कुणी सांगायला नको होतं, मेंढरांचे असे किती पाय तिनं हातात धरले होते. आठ दिवसांचा मार. आठ दिवसांपूर्वी रविवार होता. धाडदिशी पडलेली बादली तिला आठवली, नंतरची शांतता आठवली, चौकटीला धरलेला हात आठवला. बाजेवरून न उठलेली पोर आठवली. फरशी आपण आपल्या पायानं पारखली, पोरीच्या नाही, हेही तेव्हाच ध्यानात आलं. तीन वर्षांत त्या पायाच्या भेगा बुजल्या होत्या. तळवा मऊ झाला होता, लहानपणी होता तसा.

ती बोलणार होती. तेवढ्यात उज्ज्वला घाईघाईनं म्हणाली, "न्हाणीचे फोटो मी सगळ्यांना दाखवले, माय. सगळ्या म्हनत्यात, लई भारी हाय."

साखराबाईनं घोटा हलकेच मांडीवर घेतला. एवढ्या कष्टानं पोरीनं जे झाकून ठेवलं होतं, ते उघडं करायचा तिला धीर झाला नाही. उंच बूट लई वाईट असत्यात, एवढंच ती म्हणाली. वर्षाराणीला पाठवून आंबेहळद आणली, गरम करून लेप लावला, चिंधी बांधली आणि शेवटच्या गाडीच्या आत निघाली.

गाडीत मात्र तिला रडू आलं. शेजारचा माणूस काय म्हणेल याचीही तिनं पर्वा केली नाही. आपण आठ दिवस जिच्यावर रुसलो, ती पोर दुखता पाय लपवून घरातून हसत निघून गेली होती. आपल्याच पोटची पोर आपण ओळखली नाही, याची तिला लाज वाटली, आणि त्या लाजेच्या खाली कुठंतरी फार बरं वाटलं.

दुसऱ्या दिवशी तिनं नाथाला पहार घ्यायला लावली. बजरंगचा दगड लिंबाखालून निघाला, वरचं मीठ जाईपर्यंत धुतला गेला, आणि निळ्या फुलांच्या मधोमध जाऊन बसला. दोन फरशा तडकल्या. बंकट बघून गेला आणि माझं नाव कुणाला सांगू नका म्हणाला.

होळीला उज्ज्वला आली, तीन दिवसांसाठी. पाय बरा झाला होता. ती वाटेवर दिसली तेव्हाच साखराबाईनं ते बघून घेतलं. टॉवेल घेऊन ती न्हाणीशी गेली, दार उघडलं आणि तिथंच थांबली.

"माय, दगड कावून आनला परत?"

साखराबाई चुलीत काटकी सारत होती. तिनं वर बघितलं नाही.

"मी घसरते त्या फरशीवर."

ओल्या खडकावरून भर पावसात मेंढी खांद्यावर घेऊन उतरणारी आई उज्ज्वलानं लहानपणापासून पाहिली होती. ती दारातच उभी राहिली, आईच्या पाठीकडं बघत.  मग आत जाऊन तिनं कडी लावली.

अंघोळ करून ती बाहेर आली तेव्हा तिचे डोळे लाल होते. साबण गेला म्हणाली. केस वाळवायलाही थांबली नाही, चप्पल घातली नाही, मेंढरांच्या वाड्याचं फाटक उघडलं आणि खांड घेऊन माळाच्या वाटेला लागली. साखराबाई भाकरी फडक्यात बांधून मागून निघाली. बरोबरीनं चालावं म्हणून उज्ज्वला दोनदा थांबली, पण आईनं तिला हातानंच पुढं हो म्हटलं. तिला मागूनच चालायचं होतं, पोर कशी पाय टाकते ते बघत.