गाव "छू" म्हणालं, राणी हलली नाही

मंडळी, मुरबाडला परतल्यावर थेट सायबर कॅफेत घुसलोय. पँटला अजून कुसळं चिकटलीत, पण हे आत्ताच सांगायचंय!

आज वैशाखरे गावच्या कापलेल्या भातशेतांत पॉइंटर कुत्र्यांची स्पर्धा होती आणि जज होतो मी. यात बंदूक नसते. कुत्र्याने वासावरून पक्षी हुडकायचा, त्याच्यासमोर पुतळ्यासारखं उभं राहायचं आणि पक्षी उडाला तरी मागे धावायचं नाही. धावला की बाद.

शेवटी दोघंच उरले. टायगरने तित्तर बरोबर हुडकला, पण बांधावरून अख्खं गाव ओरडलं, "छू! छू!" आणि टायगर सुसाट! बाद.

मग शहापूरच्या विलासची राणी आली. पेंढ्याच्या ढिगाजवळ थबकली. एक पाय वर, शेपूट ताठ. गप्प बसा म्हणून मी गावाला हात जोडले, पण ऐकतंय कोण! शेताच्या मालकीणकाकूंचा आवाज तर सगळ्यांच्या वर, "धर गो, धर! छू!"

राणी नुसती थरथरत होती. तित्तर नाकासमोरून भुर्रकन उडाला, तरी ती जागची हलली नाही. मी जज आहे हे विसरून चक्क शिट्टी मारली!

निकाल ऐकून काकू भडकल्या. "सायेब, पाखरू पकडलं नाय, उडवून दिलं, न हिला पयला नंबर? आमच्या मोत्यानं सोडलं नसतं!"

आता तुम्हाला विचारतो. सगळं गाव "छू" म्हणत असताना जागच्या जागी उभं राहणं, खरं सांगा, या ऑनलाइन कम्युनिटीवर कुणी भांडण पेटवलं की आपल्यापैकी किती जणांना जमतं?