ट्रायपॉडचं हेड आणि मामांचा एक डोळा

रविवारी सकाळी साडेसातला आम्ही जायकवाडीच्या काठावर उभे होतो. मी, नवरा आणि माझे सासरे. सोबत एक ट्रायपॉड आणि या हिवाळ्यातलं तिसरं हेड... तिसरं.

ज्यांना ही भानगड माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. ट्रायपॉड म्हणजे नुसते तीन पाय. कॅमेरा ज्याच्यावर बसतो आणि फिरतो ते हेड, आणि ते वेगळं निवडावं लागतं. नवऱ्याकडे लांब लेन्सचा कॅमेरा, माझ्याकडे स्पॉटिंग स्कोप, म्हणजे एका डोळ्याने बघायची मोठी दुर्बीण. दोन्हींना चालेल असं एकच हेड हवं होतं. एवढीच मागणी होती हो.

घाई होती ती मामांमुळे. मामा म्हणजे माझे सासरे. त्यांचा जन्म या धरणाच्या काठाने मेंढ्या चारण्यात गेला, आता शहरात आमच्याकडे, पुंडलिकनगरला राहतात. काचबिंदूने एक डोळा गेलाय, आणि दुसऱ्याची खात्री डॉक्टर देत नाहीत.

फ्लेमिंगो त्यांनी दर हिवाळ्यात पाहिले, पण लांबून. पाण्यात एक गुलाबी रेघ दिसायची, मेंढ्या जरा पुढे सरकल्या की उडून जायची. जवळून कसे असतात ते बघायचं राहूनच गेलं, असं एकदा जेवताना म्हणाले. मी स्कोप घेतला तो त्याच आठवड्यात.

डिसेंबरात पहिलं हेड घेतलं, बॉल हेड. पक्षी बघणाऱ्यांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर सगळ्यांनी तेच सांगितलं होतं. एक नॉब सैल केला की कुठेही वळतं, आवळला की थांबतं... म्हणे.

कॅमेऱ्याला ते छानच होतं. पण स्कोप लावून पक्षी बरोबर मध्ये आणले, नॉब आवळला, हात काढला, की स्कोप पुढून जरासा खाली बसायचा. चाळीसपट मोठं दिसत असताना 'जरासा' म्हणजे पक्षी गायब.

मी परत जुळवायचे. मामा वाकायचे, तोल सांभाळायला ट्रायपॉडला हात लावायचे, की सगळं हललंच. चौथ्या वेळी मी तोडून बोलले, "मामा, हात नका ना लावू."

त्यांनी दोन्ही हात पाठीमागे धरले, तसेच वाकले आणि म्हणाले, "दिसलं, दिसलं. लई भारी." मला हायसं वाटलं...

जानेवारीत दुसरं हेड आणलं, तीन दांड्यांचं. एक आडवं फिरवायला, एक वरखाली करायला, एक तिरकं करायला. हलत नाही हे खरं, पण तिन्ही दांडे सैल करून, वळवून, आवळेपर्यंत पक्षी चालत चालत पुढे गेलेले असायचे.

त्यात हेडवर अडकवायची खालची प्लेट कॅमेऱ्याला बसली की स्कोपला बसेना. नवरा नाण्याने स्क्रू फिरवतोय, मी त्याच्यावर चिडतेय, तो ग्रुपवाल्यांवर चिडतोय... आणि मामा शांतपणे मधे उभे. त्या दिवशीही ते "दिसलं की" म्हणाले.

मग शेजाऱ्यांच्या मुलीचा साखरपुडा होता, चिकलठाण्याला एका हॉलमध्ये. सगळे नवरीकडे बघत होते आणि मी व्हिडिओवाल्याकडे. चांगला पन्नाशीचा माणूस. एका लांब दांड्याने एवढा मोठा कॅमेरा लोण्यासारखा फिरवत होता आणि हात सोडला तरी कॅमेरा होता तिथेच राहत होता.

जेवणाच्या वेळी त्यांना गाठलं. माझी दोन महिन्यांची रडकथा त्यांनी पापड खात खात ऐकून घेतली.

"मॅडम, ते फोटोवालं हेड हाय. जकडून ठेवायचं काम त्याचं. तुम्हाला तर सारखं फिरवायचंय," ते म्हणाले. "व्हिडिओचं घ्या. अन् लांब प्लेट घ्या, दुर्बीण मागं-पुढं सरकवून आधी तोल साधा. मंग आवळायची गरजच पडत नाय."

इतकं सोपं. ग्रुपवरच्या शेकडो मेसेजमध्ये हे कोणी सांगितलं नव्हतं.

तर रविवारी ते हेड लावलं. प्लेट सरकवून तोल साधला, दोन्ही हात सोडले. स्कोप तसाच राहिला. मी मामांचा हात धरून दांड्यावर ठेवला आणि म्हटलं, धरा बिनधास्त.

मामा वाकले. दांडा हळूहळू डावीकडे सरकत होता, म्हणजे ते स्वतःच थव्यावरून नजर फिरवत होते.

"डोकं उलटं करून खातेत गं हे," ते म्हणाले. "अन् चोच बघ, मधीच वाकलेली. पिल्लं तर गुलाबी नायतच. मळकट हायेत."

माझ्या एकदम लक्षात आलं. "मामा, मागच्या दोन वेळी हे दिसलं नव्हतं?"

"नाय. नुसतं पाणी दिसलं."

"मग दिसलं का म्हणालात?"

त्यांनी डोळा काढला नाही. "तू त्या दांड्यांशी इतकी झटत हुतीस. तुला नाय कसं म्हणावं?"

दोन महिने मी दुकानांवर, ग्रुपवर, नवऱ्यावर चिडत होते. आणि ज्याच्यासाठी चाललं होतं तो माणूस माझं मन राखायला हात मागे बांधून पाण्याकडे बघत होता.

ऊन चढेपर्यंत मामा स्कोपपासून हलले नाहीत. नवऱ्याच्या कॅमेऱ्याचा नंबर लागलाच नाही, आणि त्यानेही मागितला नाही.

कोणतं हेड घेऊ, असं आता मला लोक विचारतात. किती किलो वजन पेलतं ते दुकानदार सांगेलच. तुम्ही फक्त घरातल्या ज्याला तोल सांभाळायला हात टेकावा लागतो त्या माणसाला सोबत न्या... आणि विकत घ्यायच्या आधी दांडा त्याच्या हातात द्या.