पाण्याचा रस्ता, बातमीचा रस्ता

त्या संध्याकाळी आम्ही दोघा नवरा-बायकोनं मिळून घरचा नळ दुरुस्त केला. सगळ्या गावाला पाणी सोडणारा मी, आणि माझ्याच अंगणातला नळ दिवाळीपासून गळत होता. तिनं टॉर्च धरली. मी जुना वायसर काढून नवा बसवला, आट्यांवर सुताचा धागा गुंडाळला, पान्हा फिरवला. ती नळाच्या तोंडाखाली तळहात धरून बसली. बराच वेळ बसली. मग म्हणाली, "नाई गळत. येते म्हंजे तुमाले काम. मले वाटलं फक्त गावाचंच येते."

"मजुरी दे," मी म्हटलं.

"भाकर हाय. पायजे त घ्या."

भाकर खाल्ली, झोपलो. उजाडायच्या आत तिच्या छातीत कळ आली. जीप येईपर्यंत सगळं आटपलं होतं. त्याच्यावर मी जास्त लिहिणार नाही. मला लिहायचं आहे ते तिच्या शिकण्याबद्दल, कारण तसं शिकलेलं माणूस मी दुसरं पाहिलं नाही.

आमचं गाव वांकिडीच्या बाजूचं. मी चौथी शिकलो आणि शाळा सोडली. ती मराठी शाळेतून दहावी झालेली, अंगणवाडी चालवायची. लेक सासरी गेली आणि हिच्या डोक्यात कम्प्युटर शिरला. तेव्हा आपलं राज्य आंध्र प्रदेशच होतं, तेलंगण व्हायचं होतं, आणि हैदराबादपासून खालपर्यंत सगळे कम्प्युटरचंच बोलायचे. आमच्या गावात कम्प्युटर नव्हता. करंटही मनात आलं तर यायचा. तरी ही दर रविवारी बसनं आसिफाबादला क्लासला जायची. शिकवणारी मॅडम तेलुगू, ही मराठी. दोघींचं जमायचं ते हिंदीत.

आधी टायपिंग झालं. मग एक विषय आला, त्याचं नाव मला अजून सरळ घेता येत नाही. सिस्टम अन् पुढं काहीतरी.

"म्हंजे मशीन दुरुस्ती का?" मी विचारलं.

"नाई वो. मशीनले हात लावायच्या आदी जे करायचं ते. काम कसं चालते ते पाहाचं. कोन कोनाले काय सांगते, अन् काम अडलं त कुठं अडते. हे समजल्याशिवाय मशीन आनून फायदा नाई."

"याच्यासाठी फी भरली? हे त मी फुकट सांगतलं असतं."

"तुमीच सांगनार हा," ती म्हणाली. मॅडमनं सगळ्यांना आपल्या जवळचं एखादं काम अभ्यासायला दिलं होतं. हिनं माझं पाणी घेतलं.

माझं काम असं होतं. उंचवट्यावर पाण्याची टाकी, टाकीखाली एक खोली, खोलीत चार गल्ल्यांच्या चार चाव्या. करंट आला की मोटार आपोआप सुरू होऊन टाकी भरायची. पाणी सोडायचं जे लोखंडी चाक असतं त्याला आम्ही चावी म्हणतो. कोणती चावी कधी खोलायची, किती वेळ ठेवायची, हे सगळं माझ्या डोक्यात. दुसऱ्या कोणाला माहीत नव्हतं. मला ताप आला की गावाला विहिरीवर जावं लागायचं. खरं सांगतो, मला त्याची थोडी ऐट होती.

तिनं पहिल्यांदा टाकीपासून प्रत्येक घरापर्यंत कागदावर नळ्या काढल्या. इतकं सुरेख चित्र, की मी ते शेजारी नेऊन दाखवलं. रविवारी परत आली ती बसमधून उतरतानाच हसत होती. मॅडम म्हणाली होती, "ये तो पानी का रास्ता है, अम्मा. खबर का रास्ता किधर है?"

मला काहीच समजलं नाही. तिला बसमध्येच समजलं होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी ती माझ्यासोबत टाकीखाली येऊन बसली.

"टाकी भरली हे तुमाले कोन सांगते?"

"कोनी नाई. मले समजते."

"समजते म्हंजे कुठून समजते?"

मी चाकाला तेल घालायला लागलो. पण ती हलेना. तेव्हा मला स्वतःलाच शोधावं लागलं. करंट आला हे मला पिठाच्या चक्कीच्या आवाजावरून कळायचं. टाकी भरली की वरून सांडणारं पाणी पत्र्यावर वाजायचं. आणि शेवटच्या गल्लीत पाणी पोचलं नाही की तिथली मावशी रिकामा हंडा दगडावर आपटायची आणि ओरडायची, "काऊन रे नळवाल्या, आमच्या गल्लीतली मानसं काय ऊन पितेत?"

"म्हंजे तुमचा सारा कारभार कानावर हाय," ती म्हणाली. "उद्या कान गेले त?"

"त गाव तहानेनं मरंल."

"बराबर. तेच लिवते." आणि लिहिलंसुद्धा. कागदावर मावशीपासून माझ्याकडं एक बाण काढला.

"तिच्या शिव्याही लिवतेस का?"

"तुमाले येनारी पक्की बातमी तेवढीच हाय. जपा तिले." मग म्हणाली, "पानी नाई पोचलं त शिव्या येतेत. पोचलं त चुप. पन गल्लीत कोनी घरीच नसंल, तरी बी चुपच ना? मंग चुपचा अर्थ तुमी कसा लावता?"

इतकी वर्षं मी चाव्या फिरवल्या. ही गोष्ट माझ्या डोक्यात कधी आली नव्हती. अंगणवाडीत पोरांना खिचडी वाढणारी माझी बायको, अन् हे कुठून काढते?

सगळं समजून घेतल्यावर तिनं नवीन पद्धत बसवली. प्रत्येक गल्लीच्या कोपऱ्यावर एक बांबू, त्याला दोरी, दोरीला खताच्या पोत्याचा पिवळा तुकडा. गल्लीतले हंडे भरले की एका जणानं कापड वर चढवायचं. ते दिसलं की चावी बंद, दुसरी खोलायची. टाकी भरलेली असते तेव्हा पाण्याला जोर असतो, म्हणून शेवटची गल्ली सगळ्यात आधी. आमची सगळ्यात शेवटी.

"काऊन?" मी भडकलो.

"नळवाल्याची गल्ली आदी ठेवली त लोकं भिताड पाडतीन."

भिताड म्हणजे टाकीखालच्या खोलीची भिंत. कम्प्युटर नव्हता, तर तिनं ती भिंत घेतली. गेरू आणि चुन्यानं चाव्या काढल्या. प्रत्येकीसमोर त्या गल्लीची खूण, कुठं लिंब, कुठं चक्की, कुठं शाळा. अक्षर एकही नाही. म्हणाली, वाचता येत नसलेल्या माणसालाही चालवता आलं पाहिजे. एका कोपऱ्यात तिरडीपुढं धरतात ते मडकं काढलं. मयत झालं तर त्या घरची गल्ली आधी, ही माझी जुनी रीत.

"हे त साऱ्याइले माहीत हाय," मी म्हटलं. "हे कायले काढते?"

"तुमाले माहीत हाय. भिताडाले माहीत नाई."

मॅडमनं तिला वर्गापुढं उभं करून हे सगळं सांगायला लावलं, आणि ती पास झाली. मावशीच्या शिव्या कमी झाल्या, बंद नाही झाल्या. दर दिवाळीला ती भिंतीवरची चित्रं पुन्हा गिरवायची. आमच्या गल्लीचं कापड तीच चढवायची. मी टाकीखालून बघायचो, पिवळं दिसलं की चाक फिरवायचो. सकाळचं आमचं बोलणं तेवढंच.

एक गोष्ट मात्र तिच्या मनासारखी झाली नाही. पुस्तकात होतं, की पद्धत बसवली की चाचणी घ्यायची. ती म्हणायची, "एक दिवस तुमी घरी बसा. दुसऱ्या कोनाले नुसती भित पाहून पानी सोडू द्या. मंग समजंल जमलं का नाई."

"काऊन? मी कुठं मरून राह्यलो?"

"चाचनी बाकी हाय," ती म्हणायची. पुढं तर जेवताना, बाजारातून येतानाही म्हणायला लागली. मी काही बसलो नाही.

त्या सकाळी मी बसलो. ती अंगणात चटईवर, मी उशाशी. बाया जमल्या होत्या. अंघोळ घालायला पाणी पाहिजे, आणि माठात तांब्याभरही नव्हतं. एक जण म्हणाली, आज पाणी कसं येईल, सोडणारा तर इथं आहे. चक्की सुरू झाल्याचा आवाज आला. थोड्या वेळानं पत्रा वाजला. टाकी भरली होती. माझे पाय उठायला बघत होते, पण तिला सोडून जाववेना.

तेवढ्यात नळानं घशात खाकरल्यासारखा आवाज केला आणि पाणी आलं.

"मावशी गेली टाकीवर," कोणीतरी म्हणालं. शेवटच्या गल्लीतली मावशी. तिला सही करता येत नाही. तिची स्वतःची गल्ली पहिली असते रोज. तिनं आमची खोलली होती. तिनं भिंतीवरचं मडकं पाहिलं होतं.

मी उठलो आणि हंडा नळाखाली लावला. जन्मभर मी टाकीकडं असायचो. माझ्या घरात पाणी येतं ते कसं येतं, हे मी कधी उभं राहून पाहिलं नव्हतं. आधी गढूळ येतं, मग फेसाळ, मग स्वच्छ. एक हंडा भरला, दुसरा भरला, बायांनी त्यांच्या घागरी लावल्या. सगळ्यांचं झालं. मी नळ पिळून बंद केला आणि तिच्यासारखा तळहात खाली धरला. गळत नव्हता.

मग आठवलं, तिकडं मावशी वाट बघत असेल. आमचं झालं हे तिला कोण सांगणार? बाकीच्या तीन गल्ल्या खोळंबल्या होत्या.

मी कोपऱ्यावर गेलो. बांबूची दोरी तिच्या हातानं गुळगुळीत झालेली होती. मी पिवळं कापड वर चढवलं आणि दोरी बांधली. परत येऊन नळ खोलून पाहिला. धार बारीक झाली, आणि थांबली.