पेटीतल्या दोन चिठ्ठ्या

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, बहिणीला नाही. देवापुढे हात जोडते तेव्हासुद्धा इतर मागण्याच इतक्या असतात की याला वेळ उरत नाही — किंवा मी उरू देत नाही. मग तुम्हाला का सांगतेय? तुम्ही मला ओळखत नाही म्हणून. समोर बसला असतात तर मी चहा विचारला असता आणि हळूच विषय बदलला असता. विषय बदलण्यात माझा हात धरणारं कुणी नाही. एकवीस वर्षं शाळेत नोकरी केलीय.

चिखलीतल्या एका खाजगी शाळेत मी मराठी शिकवते. आजूबाजूला पत्र्याच्या शेडमधली वर्कशॉप, त्यांच्यामध्ये नव्या इमारती. आमच्या निम्म्या मुलांचे आईबाप चाकणच्या कंपन्यांत शिफ्टला जातात. कुणी लातूरकडचे, कुणी बीडचे, कुणी इथलेच जुने. मुलं शाळेतून घरी जातात तेव्हा घरी माणूस नसतं, फोन असतो. हे आम्हा सगळ्यांना माहीत होतं, आणि पालकसभेत आम्ही त्यावर फार गंभीर चेहऱ्यानं बोलायचो.

मला सगळे चांगली शिक्षिका म्हणतात. म्हणोत बापडे.

चार वर्षांपूर्वी आमच्याकडे जवळच्या चौकीतल्या एक पोलीस ताई यायला लागल्या. शिंगाडे ताई. मावळातल्या गावच्या, रांगड्या, आवाज असा की माईक लागू नये. मोबाइलवर मुलांनी काय जपावं, हे त्या सांगायच्या, आणि मुलं — जी माझी कविता ऐकताना बाकाखाली पायांनी भांडत असतात — ती गप्प बसून ऐकायची. अनोळखी माणसाला फोटो पाठवायचा नाही, कुणी धमकावलं तर लपवायचं नाही, चूक तुमची असली तरी आम्ही रागावणार नाही. आणि मोठ्यांनाही एक गोष्ट त्यांनी बजावली होती: मुलांचे फोटो नावानिशी कुठं टाकू नका. हे वाक्य लक्षात ठेवा. मी ठेवलं नव्हतं.

जाताना त्यांनी जिन्यापाशी एक लोखंडी पेटी बसवून घेतली. "नाव लिहायचं न्हाई," त्या मुलींना म्हणाल्या, "नुसतं काय झालंय ते लिवा. पेटी मीच उघडणार. उघडली की आठ दिवसांत तुमच्या वर्गावर येणार. घाबरायचं न्हाई, आमी हाय."

कुलपाला किल्ल्या दोन असतात. एक आम्ही ताईंना टाळ्यांच्या गजरात दिली. दुसरीबद्दल त्यांनी विचारलं नाही आणि आम्ही सांगितलं नाही.

दर महिन्यात एका शनिवारी ताई यायच्या. आम्ही पेटी शुक्रवारी दुपारीच उघडायचो. मुख्याध्यापकांचं म्हणणं असं, की मुलं काहीही लिहितात, पोलिसांसमोर शाळेची शोभा नको, भलतंसलतं आधी बाजूला काढा. झाकली मूठ सव्वा लाखाची. हे काम त्यांनी माझ्यावर सोपवलं, कारण मी विश्वासाची. मुलींच्या संडासाला कडी नाही, अमुक सर डस्टर फेकून मारतात, डबा चोरीला जातो — अशा चिठ्ठ्या मी काढून घ्यायचे. मग पेटी फारच रिकामी दिसायची. म्हणून मी — हसू नका — डाव्या हातानं, वाकड्या अक्षरात, स्वतः दोन-तीन चिठ्ठ्या लिहून टाकायचे. 'पोलीस ताई, तुमचे भाषण खूप आवडले.' 'आता मी फोन कमी वापरतो.' एकीत तर मी मुद्दाम दोन चुका केल्या, खरी वाटावी म्हणून.

ताई त्या चिठ्ठ्या वाचून खूश व्हायच्या, घडी घालून खिशात ठेवायच्या. मला लाज वाटायची का? खरं सांगू — नाही. गंमत वाटायची. स्टाफरूममध्ये आम्ही त्यावर हसायचोही.

आणि मग एका शुक्रवारी ती चिठ्ठी निघाली.

तिला मी इथं सुमन म्हणते. तिचं खरं नाव आधीच पुष्कळांनी वापरून झालंय. नववीत होती, माझ्याच वर्गात. वडील नव्हते, आई चाकणला एका कंपनीत पॅकिंगला. चिठ्ठीवर नाव नव्हतं, ताईंनी सांगितलं होतं तसंच. पण जी बाई दर आठवड्याला साठ वह्या तपासते, तिच्यापासून अक्षर लपतं होय? मुलांना कुठं ठाऊक, की त्या पेटीत निनावी असं काही नव्हतंच!

लिहिलं होतं, की माझ्या नावानं कुणीतरी खोटं अकाउंट काढलंय. माझा फोटो लावलाय. वर्गातल्या मुलांना माझ्या नावानं घाणेरडे मेसेज जातात आणि मुलं मला येऊन उत्तरं देतात. मी काहीच केलेलं नाही. आईला सांगायची भीती वाटते. आणि शेवटी — फोटो आपल्या शाळेच्या पेजवरचा आहे, गॅदरिंगमधला.

शाळेचं पेज मी चालवायचे. तो फोटो मी टाकला होता. नाचाच्या पोशाखात, हसताना, खाली पूर्ण नाव आणि इयत्ता. प्रवेशाचे दिवस होते, पेज भरलेलं दिसायला हवं होतं.

मुख्याध्यापकांवर ढकलता आलं असतं, नाही का? पण त्यांनी ती चिठ्ठी पाहिलीच नाही. मी दाखवलीच नाही. ती वाचताना मला त्या पोरीचं काय होत असेल, हे आधी सुचायला हवं होतं. मला सुचलं ते असं — ताई विचारणार, फोटो कुणी टाकला. नावानिशी कुणी टाकला. आणि त्या वर्षी पर्यवेक्षिकेच्या जागेसाठी माझं नाव पुढं होतं.

मी चिठ्ठी पर्समध्ये टाकली. संध्याकाळी पेजवरून तो फोटो काढला. म्हणजे बघा — मला सगळं कळलं होतं. न कळून झालं असं म्हणायची सोयसुद्धा मी ठेवली नाही.

शनिवारी ताईंनी पेटी उघडली. माझ्या डाव्या हाताची कारागिरी वाचली. या वेळी मात्र हसल्या नाहीत. म्हणाल्या, "बाई, खरंच काय न्हाई? एवढ्या पोरी, आन् काईच न्हाई, म्हंजे मला उलटं भ्या वाटतं." मी काय म्हणाले असेन? म्हणाले, "आमच्याकडच्या मुली घरंदाज आहेत, ताई." हे वाक्य माझ्या तोंडून इतकं सहज आलं की आजही आठवलं तर जीभ चावावीशी वाटते. घरंदाज! म्हणजे ज्या पोरीवर असं काही गुदरलं, ती कोण?

पुढचे आठ दिवस सुमन वाट बघत होती. मी बघत होते तिला वाट बघताना. जिन्यावर बुटांचा आवाज आला की तिची मान वर. व्हरांड्यातून खाकी काही गेलं की मान वर — एकदा तर बसचा ड्रायव्हर होता. मी फळ्याकडे वळून उभी राहायचे. वाक्प्रचार शिकवत होते मी त्या आठवड्यात. मूग गिळून गप्प बसणे, अर्थ सांगा आणि वाक्यात उपयोग करा.

पुढच्या महिन्यात दुसरी चिठ्ठी आली. छोटी. 'ताई, मी आधी पण लिहिलं होतं. तुम्ही आला नाहीत. आता सगळ्या वर्गाला माहीत झालंय. प्लीज या.'

पहिली चिठ्ठी मी शाळेची आणि माझी अब्रू राखायला काढली, असं एक वेळ म्हणू. दुसरी? दुसरी ताईंच्या हाती पडली असती तर 'मी आधी पण लिहिलं होतं' हे वाचून त्यांनी विचारलं असतं — ती आधीची कुठाय? एका खोट्याच्या पोटी दुसरं जन्मतं ते असं. मी दुसरीही काढली. सवयीचं काम होतं.

तिच्या नावानं कुणीतरी खोटं लिहीत होतं. आणि मुलांच्या नावानं मी. त्या अकाउंटमागच्या माणसात आणि माझ्यात फरक एवढाच, की मला महिन्याच्या महिन्याला पगार होता.

तिसरी चिठ्ठी आली नाही.

आले ते दुसऱ्या मुलांचे पालक. कुणीतरी मुलाचा फोन तपासला होता, मेसेज वाचले होते. ही मुलगी वाया गेलीय, आमची मुलं बिघडतील. मुख्याध्यापकांनी सुमनच्या आईला बोलावलं. बाई पहिली शिफ्ट करून तशीच आली, गळ्यात कंपनीचं कार्ड. तिला फोन दाखवला. तिनं वाचलं — हळूहळू, बोट लावून — आणि आमच्या सगळ्यांसमोर पोरीच्या कानाखाली मारली. मग स्वतःच रडायला लागली. "कुनाला तरी बोललीस का गं? मला नाही तर नाही, कुनाला तरी?"

सुमन म्हणाली, "पोलीस ताईंना लिहिलं होतं. दोनदा. त्या आल्याच नाहीत."

आई म्हणाली, "आपल्यासाठी कशाला येतेत पोलीस."

मी तिथंच होते. टेबलाच्या या बाजूला, हातात हजेरीपट. मला बोलता येत नव्हतं का? आवाज होता, भाषा होती, मराठीची एम.ए. आहे मी. ताईंचा नंबर फोनमध्ये होता. चौकी तिथून चालत दहा मिनिटांवर. दोन वाक्यं पुरली असती. पोरीच्या गालावर बोटं उमटली होती आणि मी मुख्याध्यापकांना म्हणाले, "सर, पाणी मागवू का?"

वर्ष पुरं व्हायच्या आत आई तिचा दाखला न्यायला आली. मामाकडे पाठवतेय म्हणाली, लातूरकडे. दाखला मी भरला. शाळा सोडण्याचे कारण: पालकांच्या विनंतीवरून. वर्तणूक: चांगली. अक्षर माझं नेहमीच सुरेख असतं. ते अकाउंट कोण चालवत होतं, हे आजही कुणाला माहीत नाही, कारण कुणी शोधलंच नाही. कुंपणानंच शेत खाल्लं की राखणदाराला दोष द्यायचा, झालं.

त्या वर्षी पोलिसांच्या एका कार्यक्रमात आमच्या शाळेचा सत्कार झाला. वर्षभरात एकही गंभीर तक्रार नाही, म्हणून. शाल, श्रीफळ, फ्रेम केलेलं प्रमाणपत्र. शिंगाडे ताईंनी माझं नाव आवर्जून घेतलं. मी स्टेजवर गेले. शाल सावरून फोटोसाठी हसले. मी पर्यवेक्षिका झाले, पेटी अजून जिन्यापाशी आहे, आणि शुक्रवारचं काम आता दुसऱ्या एका बाईंकडे आहे. त्यांना ते मीच शिकवलं.

इथं थांबता आलं असतं. जुनी गोष्ट, झाली चूक, असं म्हणून. पण गेल्या महिन्यात थेरगावला डांगे चौकाजवळ एका दुकानात ड्रेसचं कापड घ्यायला गेले, तर काउंटरमागून आवाज आला — "मॅडम! ओळखलंत का?" उंच झालीय. आईजवळ परत आलीय, दहावी बाहेरून दिली म्हणाली, आता इथं कामाला. माझ्यासाठी गठ्ठेच्या गठ्ठे काढून दाखवले. म्हणाली, "शाळेत सगळे मला नावं ठेवत होते. तुम्ही एकट्याच कधी काही बोलला नाहीत."

बोलले नाही हे खरंच आहे.

मग हसत हसतच धाकट्या बहिणीचं सांगायला लागली. आठवीत आहे, चिखलीतच, दुसऱ्या शाळेत. तिला कुणीतरी मोठा माणूस मेसेज करतो, फोटो मागतो, आईला सांगेन म्हणून घाबरवतो. पोरगी जेवत नाही नीट. "मी तिला सांगून ठेवलंय मॅडम, पोलिसांत बिलिसांत काही सांगायला जाऊ नकोस. ते म्हणतात येतो, पण येत नाहीत. गप्प बस. आपोआप थांबतं."

शिंगाडे ताई अजून त्याच चौकीत आहेत. त्यांचा नंबर माझ्या फोनमध्ये आहे, फोन माझ्या हातात होता. नंबर दिला असता तर तासाभरात ताई सुमनच्या घरी पोचल्या असत्या — ती बाई तशीच आहे. पण त्या दोघी समोरासमोर आल्या असत्या. सुमन म्हणाली असती, मी दोनदा लिहिलं होतं. ताई म्हणाल्या असत्या, मला तर काहीच मिळालं नाही. आणि मग दोघींनी मिळून विचार केला असता, की मधे कोण होतं.

मी म्हणाले, "हो गं, जपून राहायला सांग तिला."

कापडाची पिशवी तिनं माझ्या हातात दिली. काउंटरला वळसा घालून बाहेर आली, आणि भर दुकानात, गिऱ्हाइकांसमोर, वाकून माझ्या पाया पडली. मी पाय मागे घेतले नाहीत.