बशीताईंचं मलम

आमच्या प्रयोगशाळेत काचेच्या बश्यांमध्ये मेंदूच्या पेशी वाढवतात, आणि त्या वाढवणाऱ्या बाईंना आम्ही बशीताई म्हणतो. विचार करणाऱ्या पेशींचं कौतुक सगळ्यांनाच. ताईंचा जीव मात्र त्यांच्या शेजारच्या सांभाळणाऱ्या पेशींवर. "खाऊ घालायचं, केर काढायचा, आणि नाव दुसऱ्याचं," त्या म्हणत. दोन सुना आल्या तरी घरी त्यांचं स्वतःचं तेच चाललं होतं.

प्रयोगशाळेच्या प्रमुख मॅडमचा प्रयोग सोपा होता. अर्ध्या बश्यांना बाईच्या अंगातलं हार्मोन द्यायचं, अर्ध्या कोरड्या ठेवायच्या, मग सगळ्यांत विषाचा थेंब. हार्मोन मिळालं की सांभाळणाऱ्या पेशी कंबर कसतात आणि शेजाऱ्यांना वाचवतात. कोरड्या बश्यांत शेजारी मरतात. निदान मरायला हवेत.

यंदा कुणीच मेलं नाही. कोरड्या बश्याही टवटवीत.

"म्हणजे हार्मोनशिवायही भागतं. एवढी वर्षं पाण्यात गेली," मॅडम म्हणाल्या. प्रयोग गुंडाळायचं ठरवून त्या चष्मा शोधू लागल्या. तो डोक्यावरच होता.

ताईंचा चेहरा उतरला. पाळी थांबल्यापासून त्यांची झोप उडाली होती, रोजचे शब्द ओठांवर येऊन परत जात. त्यांची आई शेवटी लेकीलाच "तुम्ही कोण?" असं विचारायची. त्या धास्तीने त्या डॉक्टरांकडे गेल्या. डॉक्टरांनी हार्मोनचं मलम दिलं, तेही झोपेसाठी, आठवणीची हमी नाही असं बजावून. घरी सुनांचे डोळे, म्हणून ताई ते कामावर येऊन दंडाला चोळत आणि त्याच हातांनी हातमोजे चढवत. विसरभोळीच्या हाती बश्या कोण देणार, म्हणून इथेही गुपचूप. मोज्यांवरून मलम बश्यांत उतरलं. पंक्तिप्रपंच ताईंना कधी जमलाच नाही.

बोलल्या तर बश्या जाणार, गप्प बसल्या तर प्रयोग.

"मॅडम, पेशी खोटं बोलत नाहीत. लपवाछपवी माझी आहे," त्या म्हणाल्या आणि सगळं सांगून मोकळ्या झाल्या.

मॅडम म्हणाल्या, "मलम लावणार असाल तर बश्यांना हात लावता येणार नाही. काय ते ठरवा."

ताईंनी एकदा बश्यांकडे पाहिलं. "यांना सांभाळायला कुणीही मिळेल. माझ्या डोक्यातल्यांना कोण आहे?" त्यांनी हातमोजे काढून ठेवले.

आता ताई मागच्या खोलीत काचा धुतात. बश्या माझ्याकडे आल्या, आणि कोरड्यांतल्या पेशी शहाण्यासारख्या मरतात. मॅडम खूश आहेत.

परवा मॅडम मागच्या खोलीत आल्या, दार लोटलं आणि हळूच म्हणाल्या, "ताई, तुमचे ते डॉक्टर कुठे बसतात?"

ताईंनी पत्ता एका दमात सांगितला, मजल्यासकट.